एकही दात काढणार नाही

वाशी, ऑक्टोबर १९८६

प्रिय सुनीती,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या साखरपुड्याआधी मी सगळे दात काढून कवळी बसवावी, असं तू लिहिलंस. तुझ्या बाबांचंही तेच टुमणं. उत्तर आधीच लिहून टाकते: नाही. एकही दात काढणार नाही.

वहिनी चोरून मिशरी लावते, असं तुझ्या मुक्ताआत्याने सोसायटीभर केलंय. अगं, मला मिशरीचा वासही सहन होत नाही! पण सकाळ-संध्याकाळ घासूनही दात किडायला लागले, तेव्हा माझी मलाच लाज वाटायची. बोलताना पदर तोंडावर. शेवटी इथल्या इशरत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मेणाचा तुकडा चघळायला दिला आणि काचेच्या नळीत थुंकायला लावलं. नळीचा तळसुद्धा धड भरला नाही. लाळ कमी, तीही चिकट. चांगल्या लाळेत क्षार असतात म्हणे, ते तोंडातला आंबटपणा मारतात, दाताची डागडुजी करतात. माझ्या लाळेत तो जोरच नव्हता. का, तर तुर्भ्याकडून कंपन्यांचा वास आला की मला शिंका, म्हणून वर्षानुवर्षं घेतलेली ती पिवळी गोळी. तिने तोंड कोरडं पडायचं, आणि कोरडं पडतं म्हणून मी दिवसभर गालात खडीसाखर धरायची! डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आता गोळी बदलली, खडीसाखर बंद. पुढचे दात भरून झालेत, बाकीचे वाचतील.

हे सगळं मी काल कोपरखैरण्याला जाऊन तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं. हो, कुणाला न विचारता गेले. हे आमच्या घराण्यातलं नाही, तुमच्या नातवंडांना लागणार नाही, म्हटलं आणि चक्क तोंड उघडून दाखवलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "माझंही तोंड कोरडं पडतं हो. त्या डॉक्टर बसतात कुठे?"

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. बाबांची समजूत काढेन, आत्याला तर मी पुरून उरेन. तुझी शेवटची ओळ मात्र खुपली. कवळी नसेल तर विहिणीची ओटी आत्या भरेल, तू आतच बस, असं लिहिलंस. माझ्या लेकीने. वाचून रडले, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले. सुनीती, ओटी मीच भरणार. आणि फोटोवाला हसा म्हणाला की दात दाखवून हसणार. तुला लाज वाटली तर तू खाली बघ.

तुझीच,
आई