खंडेनवमीचं हत्यार

कोलशेत, ठाणे
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

संदेशचा नमस्कार. आमच्याकडे सगळे ठीक. तू आणि वहिनी बरे असालच.

"तू तोंडी बोलून फिरतोस. यापुढे काय सांगायचं ते लिहून द्यायचं," असं तू म्हणालेलास त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर माझा नंबरही ब्लॉक. म्हणून आज लिहायला बसलो. आमची ही म्हणते, शेवटचं पत्र तुम्ही लग्नाआधी मला लिहिलेलं, तेही अर्धं कारखान्यातल्या टूलरूमच्या गप्पांचं होतं.

नंदावहिनीने खंडेनवमीचा फोटो पाठवला. पाटावर तुझी कात्री, ती जुनी हातोडी, शिलाई मशीनचं चाक, आणि मधोमध आपलं हत्यार. त्यावर झेंडूचं फूल. फोटो मोठा करून बघितला तेव्हा दिसलं की हळदीकुंकू बरोबर त्यावर ठोकलेल्या दोन्ही नावांवर लावलंयस. महिपत आणि संदेश. दादा, मला भरून आलं रे. तू ते परत पाठवशील अशी मी मनाची तयारी केलेली. वहिनीच्या हाती दिलं तेव्हा रिक्षात बसेपर्यंत मागे वळून बघायचीही हिंमत झाली नाही माझी.

आठवतं ना, हे सुरू कुठून झालं? तू तोंडात मूठभर खिळे धरून सोफे ठोकायचास, एकेक जिभेने पुढे आणून. मी टूलरूममध्ये हत्यारं घडवायला नवाच लागलेलो तेव्हा एक गिळलास आणि आईने तुला डझनभर केळी खायला घातली. तू केळी खात खात म्हणालास, "ए टूलरूम, असं काही बनव की खिळा स्वतःच हातोडीला चिकटेल." आणि शिंप्याच्या खडूने रेक्झिनच्या तुकड्यावर चित्र काढलंस. पुढे ठोकायचं तोंड, त्यात लोहचुंबक. मागे निमुळतं नाक, टोकाला चिरलेलं, जुने खिळे उपटायला. एका हातात दोन्ही कामं. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

एक सांगायचं होतं. म्हणजे तसं विशेष काही नाही. दिवाळीपर्यंत ते हत्यार वापरू नकोस. लोहचुंबक चिकटवलंय, ते पक्कं व्हायला वेळ लागतो. नुसतं ठेव. जुन्या हातोडीनेच काम कर. नक्की ना?

पोपटला साईटवर जरा लागलंय. आपला पोपट, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये इंटिरियरचं काम करतो तो. कालच बघून आलो. त्याचं पुढच्या वेळी लिहीन.

वहिनीला नमस्कार. हत्यार वापरू नकोस हे दोनदा लिहिलं, राग मानू नकोस.

तुझा,
संदेश


कोलशेत
बुधवार, ८ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. नमस्कार.

कुरिअरवाला म्हणतो पत्र काल पोचलं. मी वहिनीला फोन केलेला, सहजच. म्हटलं, दादा काय करतोय? तर हसून म्हणाली, "भाऊजी, दिवाळीच्या ऑर्डरी आहेत, मान वर करत नाहीत. आणि तुमचं ते हत्यार हातातून सुटत नाही. जुनी हातोडी कुठे पडलीय तेही माहीत नसेल त्यांना."

दादा, वहिनी माझ्याशी दोन वर्षांनी अशी हसून बोलली. मला तेव्हाच तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर फराळाला काय काय करणार. लाज वाटते लिहायला, पण हे असं झालं.

आता नीट सांगतो. पोपटला "जरा" लागलेलं नाही. त्याच्या उजव्या डोळ्यात पोलादाची कपची गेली. दसऱ्यापासून तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी. एका फ्लॅटमध्ये पलंगाच्या डोक्याकडची गादी ठोकत होता. ऑपरेशन झालं. मी गेलो तर डोळ्यावर पट्टी, आणि मला म्हणतो, "संदेशभाई, तुमचं हत्यार साईटच्या ऑफिसात ठेवलंय, हरवू देऊ नका." त्याची बायको शेजारी बसलेली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कपची त्याच हत्याराची होती. मी त्याला एक दिलेलं.

आता तू लगेच काही तर्क काढू नकोस. पोपटचा हात जड आहे, तो घणासारखा मारतो. कदाचित लाकडाऐवजी खालच्या लोखंडी पट्टीवर बसला असेल घाव. चांगलं हत्यारही अशाने उडतं. तुझा हात हलका, तुझं काम मऊ लाकडावरचं, तुला काही होणार नाही. मी स्वतःला दिवसातून दहा वेळा हेच सांगतो.

पण तू एक कर. तू चष्मा कपाळावर सरकवून काम करतोस. जवळचं तुला बिनचष्म्याचंच नीट दिसतं, माहीत आहे मला. खिळ्यावर वीतभर अंतरावर नाक आणून ठोकतोस. तेवढं करू नकोस. चष्मा डोळ्यावर ठेव. किंवा सरळ ते हत्यारच बाजूला ठेव. दादा, प्लीज. माझं जेवणात लक्ष नाही. भांडं पडलं तरी दचकतो.

साईटच्या कॉन्ट्रॅक्टरने फोन केलेला. त्याच्या हातात ते हत्यार आहे आणि तो विचारत होता, "यावर दोन नावं आहेत. संदेश तुम्ही. हे महिपत कोण?" मी म्हटलं, नंतर सांगतो.

मिळालं की वहिनीच्या फोनवरून नुसतं "बरं" एवढं कळव.

तुझा,
संदेश


कोपर, डोंबिवली पश्चिम
तुझ्या दुकानाच्या पायरीवरून
शनिवार, ११ ऑक्टोबर, दुपारी अडीच

दादा,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही.

तू जेवायला घरी गेलायस. चार वाजता शटर उघडशील. तोवर मी हे लिहून पुरं करणार आणि उघडायच्या आधी तुझ्या हातात देणार. घर तीन मिनिटांवर आहे, पण जिना चढवत नाही. शेजारचा इस्त्रीवाला दोनदा विचारून गेला, पाणी हवं का.

सकाळी वहिनीला फोन केला, "बरं" का आलं नाही विचारायला. ती म्हणाली, माझी दोन्ही पाकिटं ड्रॉवरमध्ये तशीच आहेत, न फोडलेली. तू तिला म्हणालास, "संदेशचं पत्र आहे, घाईत नाही वाचायचं. ऑर्डरी उरकल्या की दिवाळीत निवांत वाचू दोघं." मी इकडे चार दिवस समजत होतो की तुला अर्धं तरी कळलंय.

मग ती सहज म्हणाली, "अहो, काल एक गंमत. त्या हत्याराच्या तोंडाचा बारीक टवका उडाला. कुठे गेला कळेना. हे तीन तास त्या सोफ्याचं कापड हाताने चाचपत बसले. म्हणाले, गिऱ्हाइकाचं पोर बसेल आणि टोचेल. शेवटी अख्खं कापड उसवून काढलं, तरी सापडला नाही."

आणि म्हणाली, "तुम्हाला सांगू नको म्हणालेत. संदेशला वाईट वाटेल म्हणून."

आईशप्पथ सांगतो, ते हत्यार बाजूला ठेवायला सांग एवढंही मी तिला म्हटलं नाही. फोन तसाच ठेवला आणि मिळेल त्या गाडीने आलो.

दादा, तो टवका तुझ्या कानाजवळून गेला असेल. किंवा गालाजवळून. तू चष्मा कपाळावर ठेवून बसलेला असणार. आणि तू काळजी कुणाची केलीस? न बघितलेल्या पोराची, आणि माझी!

आता ऐक. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. लोहचुंबकाचं खोटं. पोपटच्या जड हाताचं खोटं.

दोन वर्षांपूर्वी तुला पहिला नग दिलेला त्याचं नाक दुसऱ्याच सोफ्याला वाकलं. तू चारचौघांत म्हणालास, "नाव एकट्याचं टाकलंस, आणि नाक मेणाचं केलंस." दोघांची नावं टाकतो असं मीच कबूल केलेलं, आणि कारखान्यात ठसा मारताना फक्त माझा मारला. त्यावरून तू बोलणं टाकलंस ते बरोबरच केलंस. पण मला जास्त झोंबलं काय माहितीये? नाकाचं. मी ठरवलं, यंदा खंडेनवमीला तुझ्या पाटावर असं हत्यार ठेवायचं की त्याचं नाक जन्मात वाकणार नाही. आणि दोन्ही नावं.

तीन नग केले. एक तुझा, एक पोपटचा, एक माझा. मंगळवारी, नवमीच्या आदल्या दिवशी, विठ्ठलच्या भट्टीवर पाणी दिलं. लाल तापवून तेलात बुडवलं की पोलाद कडक होतं, पण काचेसारखं. त्यानंतर ते पुन्हा मंद आचेवर धरून ताठा उतरवावा लागतो, दोन तास. आणि नाक कडक ठेवलं तरी ठोकायचं तोंड त्याहून मऊ लागतं. हे टूलरूममध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. मी पोरांना शिकवलंय.

ताठा उतरवायच्या आधीच, सहा वाजता विठ्ठलने भट्टीचा स्विच पाडला. म्हणाला, "बास. उद्या खंडेनवमी. भट्टी झाडूनपुसून हार घालायचाय, उद्या ती पेटत नाही. दसरा झाला की ये." मी म्हटलं, तीनच नग आहेत रे. तो हात जोडून म्हणाला, "देवाच्या दिवशी नाही. आणि संदेश, कच्चं नेऊ नकोस."

मी नेलं. पॉलिश मारलं, लोहचुंबक बसवलं, लाल कापडात गुंडाळलं. डोक्यात एवढंच की पाटावर गेलं नाही तर अजून एक वर्ष. वर्षभर तू बोलणार नाहीस. विठ्ठल भट्टीला हात लावत नाही पूजेसाठी, आणि मी त्याच पूजेसाठी कच्चं पोलाद तुझ्या हातात दिलं. दसऱ्यानंतर मागून घेईन, गुपचूप ताठा उतरवून आणीन असं ठरवलेलं. मग वहिनीचा फोटो आला आणि मागायची हिंमत गेली.

पोपटचं कळलं त्या संध्याकाळी मी माझा नग गोणपाटात गुंडाळून लाकडावर मारला. तिसऱ्या घावाला कोपरा उडाला, गोणपाटातून आरपार. दुसऱ्या दिवशी तुला लिहायला बसलो आणि लिहिलं काय, तर दिवाळीपर्यंत वापरू नकोस. मला भीती वाटत होती की तू पुन्हा तोंड फिरवशील. तुझा डोळा जाईल याच्याहून ती भीती मोठी होती. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

पोपटला उजव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. काल मी त्याच्यापुढे हे सगळं बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडे आहे का?" मी म्हटलं, दादाकडे. तर तो ओरडला, "मग इथे काय करताय?" त्याच्या बायकोने दार उघडून धरलं. तरी मला आज सकाळपर्यंत पाय उचलवला नाही. बोल, असा भाऊ.

काल पोपटकडून परतताना साईटवर उतरलो. कॉन्ट्रॅक्टरला लिहून दिलं, खाली सही केली. हत्यार मी केलं, कच्चं दिलं, महिपतचा याच्याशी काही संबंध नाही. त्याने पोपटचा नग तसाच कपाटात कुलपात ठेवलाय, चौकशी होईपर्यंत. होऊ दे. तो म्हणाला, नाव तर आहे त्यावर. मी म्हटलं, ते माझ्या हाताने पडलंय.

तुझा नग मला परत दे. शटर तू उघड, पण त्याला हात लावू नकोस, मी उचलतो. त्यावरचं तुझं नाव मी आज घासून काढणार आहे. मागे ते तुला न सांगता गाळलं. आज तुझ्यासमोर काढतो. त्यात तुझं फक्त चित्र होतं, आणि ते चित्र बरोबर होतं.

पावणेचार झाले. तू गल्लीच्या तोंडाशी दिसतोयस, चष्मा कपाळावरच आहे. मला अजून ओळखलं नाहीस. आता ओळखलंस, हात वर केलास. हसतोयस, दादा.

तूच म्हणालेलास लिहून दे, दिलं.

हत्यारावर आता ज्याचं एकट्याचं नाव राहील, तो
संदेश