मामीने उजळलेल्या चकत्या

चि. भाचीबाईस,

मामाचे पोतंभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तू आणि तुझी प्रयोगशाळा दोघीही वेळेवर जेवत असाल अशी आशा.

प्रथम एक गंभीर तक्रार. तुझ्या यंत्राला हिरवा दिवा आहे, लाल दिवा आहे. पण ‘सांगता येत नाही’ असं म्हणायला दिवा नाही. आपल्या नैयायिकांनी संशयाला न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत मानाचं पान दिलं, आणि तुम्हाला त्याच्यासाठी एक पिवळा बल्ब जड झाला? (मी जन्मभर संस्कृत शिकवलं, वर्गात मला तोच दिवा सगळ्यांत जास्त दिसे.)

असो. मामीचे पाय सुजतात, आणि दवाखान्यात गेलं की आजार सापडतो हा तिचा सिद्धान्त, म्हणून तू यंत्र आणि दोन चकत्या ठेवून गेलीस. तू शिकवलंस तसंच केलं. नखाएवढी सोनेरी चकती, तिच्यावर तुम्ही बसवलेला अंधुक थर. लघवीतलं प्रथिन त्या थराला चिकटलं की परत फिरणारा प्रकाश किंचित बदलतो आणि मूत्रपिंडाची चहाडी करतो. पहिल्याच थेंबाला दिवा लाल. मामीने चकती उन्हात धरली आणि निकाल फिरवला. “अहो, केवढी मेणचट झालीय ही! मळक्या यंत्राचं काय ऐकायचं?” मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो असताना तिने भांड्यांच्या पावडरीने दोन्ही चकत्या, मूत्रपिंडाची आणि पाणी तपासायची, अशा घासल्या की सोनाराने हात जोडावेत. (सोनं शिल्लक राहिलं, हे तुमच्या कारागिरीचं यश.)

तेव्हापासून घरात हिरवं युग आहे. मामी हिरवी, मी हिरवा, नळ हिरवा. बातमी इमारतभर झाली. पाण्याची टाकी स्वच्छ की घाण यावरून वर्षभर भांडणारे सोसायटीचे अध्यक्ष आणि तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई, दोघंही बाटल्या घेऊन हजर. टाकीचं पाणी हिरवं! अध्यक्ष मिशीत हसले. बाई कसल्या हटतात? त्यांनी फरशी पुसलेल्या बादलीतलं पाणी आणलं. तेही हिरवं! “मास्तर, मग हेच पाजा की अध्यक्षांना,” बाई म्हणाल्या, आणि अध्यक्षांना एकाएकी तातडीचं काम आठवलं. दुसऱ्याच दिवशी टाकी उपसली. तळाशी अध्यक्षांची हरवलेली कवळी निघाली. (तपासणीला वाकले होते ना!)

एवढं होऊनही मामी म्हणते, पाण्याची चकती बिघडली असेल, माझी नाही. सुजेमुळे बंद केलेलं मीठ ताटात परत आलं आहे, आणि ती दिवसभर गुणगुणते.

तुझा,
मामा

ता. क. नव्या चकत्या हव्यात. पावडरीचा डबा मी माळ्यावर टाकला आहे.

आणखी ता. क. चकत्या टपालाने नकोत. तूच घेऊन ये आणि मामीला डॉक्टरांकडे ने. माझ्याशी ती वाद जिंकते; तुझं ऐकेल. थर गेल्यावर दिवा कशालाही हिरवाच लागणार, एवढं मलाही कळतं. म्हणजे पहिला लालच खरा. काल तिच्या चपलेचा पट्टा बसेना. मी खाली बसून तो सैल करून दिला. मला फार भीती वाटते आहे.