गाडीमित्र, सर्वांसाठी खुला

३ जानेवारी १९९९, पेण
नव्या वर्षाचा संकल्प. चोवीसला रोह्याला मेव्हणीचा, म्हणजे ऋतुजाचा साखरपुडा. मृणालीला स्कूटरवरूनच नेणार. ती नाही म्हणते. गडब गावापाशी शालू नेसून बंद स्कूटर ढकलली ती शेवटची, म्हणे. बायका जुनं उकरतात. उपाय: निघण्याआधी गाडी तपासणारा प्रोग्रॅम लिहिणार. कॉम्प्युटरने पास केली तर बसेन, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

९ जानेवारी
'गाडीमित्र' तयार. ब्रेक लागतो का? हो. हॉर्न वाजतो का? हो. (वाजत नाही, पण वाजेल.) स्क्रीनवर 'पास' आलं. मला भरून आलं. मृणाली भाकऱ्या करत होती.

१० जानेवारी
मासिकात वाचलं की परदेशात लोक आपल्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड फुकट वाटतात, कुणीही सुधारावा म्हणून. आपणही वाटायचा. अट एकच, सुधारणा मला पाठवायची. आलेली सुधारणा मी नाकारणार नाही, असं फाइलमध्ये लिहून टाकलं. सुधारायला शिल्लक काय आहे म्हणा.

११ जानेवारी
मिनिडोरच्या, म्हणजे सहा सीटच्या रिक्षांच्या स्टँडवर फ्लॉप्या वाटल्या. नितेश ड्रायव्हर म्हणाला, गाडीत हिला घालायला जागाच नाय. घरी कॉम्प्युटर आहे का विचारलं तर हसत सुटला. समाज अजून तयार नाही.

१५ जानेवारी
नितेशच्या मिनिडोरला लिंबू-मिरचीखाली फ्लॉपी टांगलेली. दोरा ओवायला कोपऱ्यात आयतं भोक आहे. बांधल्यापासून पंक्चर नाय, म्हणतो. आता अख्खा स्टँड मागतोय. म्हणजे वापर वाढतोय.

१९ जानेवारी
पहिली सुधारणा आली. ऋतुजाकडून. ती रोह्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. नितेशच्या हाती फ्लॉपी पाठवली. किरकोळ बदल: उत्तरं मालकाने नाही, मागे बसणाऱ्याने द्यायची. शब्द दिलाय, घेतली. मृणालीलाही जरा तंत्रज्ञानाची गोडी लागेल.

२४ जानेवारी, सकाळी
मृणाली शालू नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. ब्रेक? नाही. हॉर्न? नाही. आरसा? नाही. 'नापास'. असं कुणी तपासतं का, मी विचारलं. ती म्हणाली, "प्रश्न तुमचेच आहेत, अहो. मी फक्त खरं तेच दाबलं."

२४ जानेवारी, संध्याकाळी
नितेशच्या मिनिडोरने गेलो. मी मागे, मांडीवर पेढ्यांचे बॉक्स. रोह्यात सासऱ्यांनी सर्वांसमोर सांगितलं, जावयाच्या प्रोग्रॅममुळे आमची पोरगी सुखरूप पोचली. टाळ्या पडल्या. उभं राहून नमस्कार केला. वाईट वाटलं, पण टाळ्या मोठ्या होत्या.

३१ जानेवारी
मृणाली आज स्कूटरवर बसली. चांगला अर्धा तास. अंगणात, स्टँडवर लावलेल्या स्कूटरवर. ओटीवर उकडत होतं, म्हणून तिथे बसून वालाचं बिरडं सोललं. सीट आरामशीर आहे म्हणाली.