साडेएकोणचाळीसचे एकोणचाळीस झाल्याबाबत

दिनांक : १४ नोव्हेंबर

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, विद्यापीठ कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यासमोर.

विषय : बी.एस्सी. द्वितीय वर्ष, 'रेषीय व पूर्णांकी प्रोग्रॅमिंग' या पेपरातील माझा अर्धा गुण परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) गुणपत्रिका, आसन क्रमांक ४१०७.
२) आपल्या खिडकी क्र. ३ वरील बाईंशी झालेले तोंडी बोलणे (तीन वेळा).

महोदय,

१. मानवी बुद्धीने आजवर निर्माण केलेल्या शास्त्रांमध्ये रेषीय व पूर्णांकी प्रोग्रॅमिंगइतके न्यायी शास्त्र दुसरे नाही, असे माझे विचारांती झालेले मत आहे. हे शास्त्र कोणाचे तोंड पाहत नाही. जागा किती, माणसे किती, अटी कोणत्या, एवढेच विचारते आणि त्यात बसणारे सर्वांत चांगले उत्तर काढून देते. या शास्त्रात मी चौथ्यांदा नापास झालो आहे. संधी चारच असतात.

२. मी एका रुग्णालयात गेली एकोणीस वर्षे नर्सांचा ड्युटी-चार्ट करतो. पेन्सिल, खोडरबर आणि मेट्रनबाईंचा स्वभाव एवढ्या सामग्रीवर हे काम चालत असे. दोन वर्षांपूर्वी व्यवस्थापनाने चार्टसाठी संगणकाचा प्रोग्रॅम आणला. पहिल्याच दिवशी त्याने बालरुग्ण कक्षासाठी साडेतीन नर्सा काढून दिल्या. मेट्रनबाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवून विचारले, "अर्धी कुठली पाठवताय? वरची का खालची?" मी सवयीने चार केल्या. दुपारी प्रसूती कक्षात एक नर्स कमी पडली. त्यानंतर व्यवस्थापनाने आदेश काढला की, चार्टच्या टेबलावरील लिपिकाने सदर पेपर विद्यापीठातून उत्तीर्ण व्हावे, अन्यथा त्याची बदली धुलाई विभागात चादरी मोजण्यासाठी करण्यात येईल. त्या विभागात सर्व काही पूर्णांकात असते, फाटक्या चादरी वगळता.

३. त्यानुसार वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी वर्गात दाखल झालो. पहिल्या दिवशी मी आत येताच मुले उभी राहिली आणि प्राध्यापकांनी खडू खाली ठेवला. मी तपासणी अधिकारी नसून विद्यार्थी आहे हे कळल्यावर मला 'काका' म्हणण्यात येऊ लागले व शेवटच्या बाकावर पंख्याखाली जागा देण्यात आली. माझी मुलगी हाच पेपर पहिल्या झटक्यात सत्त्याऐंशी गुणांनी उत्तीर्ण झालेली आहे. घरी तीच माझी शिकवणी घेते. तिचे सांगणे एकच होते : "बाबा, अपूर्णांक आला की ढकलायचा नाही. फांद्या पाडायच्या." म्हणजे पावणेचार आले तर एकदा 'तीन किंवा कमी' धरून आणि एकदा 'चार किंवा जास्त' धरून दोन्ही वाटा तपासायच्या. मी मान डोलावत असे.

४. आता मूळ मुद्दा. प्रश्न पाचमध्ये एका दवाखान्याला रुग्णवाहिका घ्यायच्या होत्या. मोठी गाडी चार रुग्ण नेते व आठ फूट जागा खाते, लहान गाडी तीन रुग्ण नेते व पाच फूट खाते. चालक सहा, आवार एक्केचाळीस फूट. जास्तीत जास्त रुग्ण नेता यावेत, तर गाड्या किती? आलेखावरून मला मोठ्या गाड्या तीन पूर्णांक दोन तृतीयांश व लहान दोन पूर्णांक एक तृतीयांश मिळाल्या. हे बरोबर होते. घड्याळात अकरा मिनिटे उरली होती. मी चार मोठ्या व दोन लहान लिहून मोकळा झालो. त्यांना बेचाळीस फूट लागतात. परीक्षकांनी लाल शाईत शेरा मारला आहे : "एक फूट कोठून आणणार? अपूर्णांक जवळच्या पूर्णांकात ढकलणे म्हणजे उत्तर नव्हे." सहा गुण कापले. उत्तर तीन आणि तीन होते.

५. वस्तुतः आमच्या रुग्णालयातील चालक तो एक फूट रोज आणतो. तो एक चाक फुलझाडांच्या वाफ्यात घालतो. परंतु वाफा प्रश्नात दिलेला नव्हता, म्हणून माझी तक्रार नाही. शेरा मला मान्य आहे. पत्नीलाही मान्य आहे. ती म्हणाली, "एकोणीस वर्षं नर्सा ढकलल्या, आता गाड्या ढकलल्या. हाताला वळणच पडलंय."

६. तक्रार पुढे आहे. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर परीक्षकांनी एकूण गुण ३९½ लिहिले आहेत. गुणपत्रिकेवर ३९ आहेत. उत्तीर्ण होण्यास ४० लागतात. खिडकी क्र. ३ वरील बाईंना मी याचे कारण विचारले असता त्या म्हणाल्या, "काका, आमच्या रकान्यात टिंब बसत नाही. अर्धा आला की सोडून द्यायचा." मी म्हणालो, यालाच ढकलणे म्हणतात, आणि ते केल्याबद्दल आपल्याच विद्यापीठाने माझे सहा गुण कापले आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, "ते पेपरात. हे ऑफिस आहे." दुसऱ्या खेपेस त्या म्हणाल्या, "तुम्ही वर ढकललं, आम्ही खाली ढकलतो. एवढाच फरक." तिसऱ्या खेपेस त्यांनी मला पाहून खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

७. सबब विनंती अशी की, माझ्या गुणांच्याही फांद्या पाडण्यात याव्यात. एका फांदीवर एकोणचाळीस व दुसरीवर चाळीस धरून, कोणत्या फांदीवर विद्यापीठाची कोणती अट मोडते ते तपासावे. माझ्या अल्प अभ्यासाप्रमाणे चाळीसच्या फांदीवर काहीही मोडत नाही. एकोणचाळीसच्या फांदीवर मी मोडतो.

हे शक्य नसल्यास, साडेएकोणचाळीस गुण मिळाल्याचे पत्र द्यावे, म्हणजे मी ते व्यवस्थापनाला दाखवीन. पत्रातही टिंब बसत नसल्यास अक्षरी लिहावे. तेही शक्य नसल्यास, आपला प्रतिनिधी पाठवून मेट्रनबाईंना समक्ष सांगावे. त्या हल्ली चार्टबद्दल मला काही विचारत नाहीत, फक्त चादरींच्या खोलीची किल्ली कोणत्या खिळ्याला असते ते त्यांनी दाखवून ठेवले आहे. आणि यातील काहीच शक्य नसल्यास, निदान माझा अर्धा गुण सध्या कोठे ठेवला आहे एवढे कळवावे. तो मी मिळवलेला आहे. प्रश्न तीनमधील आलेखाला मिळाला होता. रेघ वाकडी होती, पण दिशा बरोबर होती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
आसन क्रमांक ४१०७

सोबत :
१) गुणपत्रिकेची प्रत.
२) उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाची प्रत (½ भोवती गोल मी केला आहे).
३) आवाराचा नकाशा, वाफ्यासह.

ता.क. — मुलीने परस्पर केलेल्या फेरमोजणीच्या अर्जाचे उत्तर आपल्या कार्यालयाकडून आज सकाळी, हे पाकीट बंद करताना मिळाले. प्रश्न दोनचे पाच गुण चुकून दोनदा धरले गेले होते. माझे खरे गुण साडेचौतीस आहेत. दुरुस्त गुणपत्रिकेवर चौतीस लिहिले आहेत.