‘कोण?’ म्हटल्यावर ‘मी’ म्हणण्याबद्दल

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण पाठ धरली आहे. तेव्हा खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढा नमस्कार पोचता करतो, उरलेला भेटीत. काकांचा खोकला आता फक्त पाहुणे उठायचं नाव घेईनात तेव्हाच उसळतो असं कळलं, म्हणजे तब्येत सुधारली म्हणायची. तुझे दात कसे आहेत? (नवे. जुन्यांची चौकशी करून आता काय उपयोग.) आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे आईचे गुडघे वगळून. उजव्याचं ऑपरेशन महिनाअखेरीस ठरलं आहे. त्यानंतर पंधरा दिवस कोणीतरी सतत घरात हवं असं डॉक्टर म्हणाले, आणि ‘कोणीतरी’ म्हणताना माझ्याकडे बघत होते. घरात तिसरं माणूस नाही. म्हणून मी रजा टाकली, ती मंजूर झाली, आणि ती माझ्याच हातून गेली. कशी, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. काकांकडून कळलं की तू आमचे दोन्ही नंबर ‘ताई’ या एकाच नावाखाली ठेवले आहेस. त्यामुळे मी केला तरी तुझ्याकडे आईच वाजते. आणि मागच्या वर्षी बोलता बोलता फोन आधी कोणी आपटला याचा निकाल लागेपर्यंत तू ‘ताई’चा फोन उचलणार नाहीस. आई म्हणते तू आपटलास, तू म्हणतेस तिने. माझ्या मते लाइन गेली होती, पण माझं मत कोणी मागितलेलं नाही.

आता ऑफिस. मी नेमकं काय काम करतो असं तू मागे विचारलं होतंस आणि मी ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून वेळ मारून नेली होती. त्याची फळं भोगतो आहे, कारण आता मुळापासून सांगावं लागणार. आमच्या प्रोग्रॅमांना प्रत्येकी एकेक बंद खोली असते असं समज. एकाने दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. काम असलं तर खिडकीतून चिठ्ठी सरकवायची. आत मोजकेच कारकून बसलेले असतात (त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो, म्हणजे धागे, पण गुंता सोडला तर त्यांच्यात धाग्यासारखं काही नाही). एका वेळी एका कारकुनाने एकच चिठ्ठी घ्यायची, आणि चिठ्ठी कोणाची आहे ते नाव स्वतःच्या छातीवर लावून ठेवायचं. कारण पुढे प्रत्येक कपाटापाशी त्याला ‘कोण?’ असं विचारलं जातं. नाव बघून कपाट उघडतं किंवा उघडत नाही.

गोम पुढे आहे. काही कपाटं खोलीची स्वतःची, खाजगी. चिठ्ठीवाल्याच्या नावाने ती उघडत नाहीत. तेव्हा कारकुनाने ते नाव क्षणभर उतरवून ठेवायचं, स्वतःच्या नावाने कपाट उघडायचं, हवं ते बघायचं, आणि परत येताना चिठ्ठीवाल्याचं नाव पुन्हा छातीवर लावायचं. उतरवलेलं परत लावणं, एवढंच. आंघोळीआधी काढून ठेवलेला चष्मा परत लावण्याइतकं सोपं. (काकांना विचार, हे किती सोपं असतं ते.)

आमच्या ऑफिसचा रजेचा प्रोग्रॅम माझ्याकडे आहे. मंजुरीच्या आधी शिल्लक रजा बघावी अशी सुधारणा रजा मंजूर करणाऱ्या आमच्या मॅडमनी सुचवली आणि मी केली. शिल्लक खाजगी कपाटात, म्हणून नाव उतरवलं. परत लावायचं राहिलं. पुढच्या कपाटापाशी ‘रजा मंजूर करणारे तुम्ही कोण?’ असा प्रश्न आला, तेव्हा कारकुनाने छातीकडे पाहिलं, तिथे कोणाचंच नाव नव्हतं, म्हणून तो ‘मी’ म्हणाला. मी म्हणजे साक्षात ऑफिस. ऑफिसला कोण अडवणार? दार उघडलं. जो अर्ज करील त्याची रजा मॅडमना न विचारताच मंजूर.

आपल्या माणसांची मौज अशी की पगार कमी आला तर जिन्यात सभा भरते, पण रजा न मागता पदरात पडली तर सगळ्यांचं तोंड शिवलेलं. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांना ‘सबुरी’ म्हणतात, कारण कशावरही त्यांचं एकच उत्तर, सबुरीने घ्या. त्यांनीसुद्धा सबुरी सोडून उन्हाळ्यापर्यंतची रजा घेतली. मग अर्जांचा असा लोंढा आला की सगळे कारकून अडकले. प्रत्येकाने हिशेबाच्या खोलीत चिठ्ठी पाठवली आणि उत्तराची वाट बघत बसला. हिशेबाच्या खोलीला उत्तर देण्याआधी आमच्याच खोलीला काहीतरी विचारायचं होतं. तिने चिठ्ठी सरकवली, पण घ्यायला कारकून मोकळा कुठे? हे तिच्या उत्तरासाठी बसलेले, ती यांच्या उत्तरासाठी. भांडण नाही, बिघाड नाही, फक्त दोन्हीकडून ‘आधी तू’. (हे लिहिताना मला कोणाचीही आठवण आली नाही, असं लिहून ठेवतो.)

सगळं ठप्प झाल्यावर मॅडमनी मला बोलावलं. मी चूक शोधली, एक ओळ घातली, नाव जागच्या जागी. मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘या आठवड्यातली कुठली रजा मी दिली आणि कुठली ऑफिसने आपणहून?’ मी नोंदी उघडल्या. सगळ्यांपुढे, त्यांनी दिलेल्यांपुढेसुद्धा, मंजूर करणारा एकच, ‘मी’. तेव्हा त्यांनी सरसकट सगळ्या रद्द केल्या. त्यांत माझीही गेली, जी त्यांनी खरोखर दिली होती. मी म्हणालो, मॅडम, माझी तुम्हीच दिलीत. त्या म्हणाल्या, हो का, सबुरीही तेच म्हणतात. वर, अशी चूक पुन्हा कुठे आहे का ते धुंडाळायला महिनाअखेरीस मी ऑफिसात हवाच. सबुरी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, सबुरीने घ्या.

तर असं आहे. थकलो आहे, पण राग कोणावर काढावा असा माणूस सापडत नाही. काळजी करू नकोस. काहीतरी होईलच. काकांना नमस्कार.

तुझा,
भाचा

ता.क. काहीतरी होईलच असं वर लिहिलं, पण मला काही सुचलेलं नाही. ऑपरेशननंतर पंधरा दिवस तू येशील का? वरच्या मजल्यावरच्या काकू चहा करून देतील, पण रात्री आईला उठवून धरायला त्यांना जमणार नाही, आणि जमलं तरी आई त्यांना हात लावू देणार नाही.

ता.क. दुसरा. हे मी माझ्या नावाने विचारतो आहे. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिचं म्हणणं, तुला काही कळवायचं नाही, ती एकटी काठी घेऊन सांभाळेल. तेव्हा आलीस तर सहज आलीस असं म्हण.

ता.क. तिसरा. वरचा ता.क. खोडायला हवा, पण आईने पेनसाठी हात पुढे केला आहे. मघापासून खुर्चीमागे उभी राहून वाचत होती. (या गुडघ्यांनी ती आवाज न करता कशी आली, ते डॉक्टरांना विचारणार आहे.) म्हणाली, भाच्याच्या नावाने बहिणीला बोलावतात का, बाजूला हो. मग काय लिहू, म्हटलं. म्हणाली, तू काही लिहू नकोस. खाली जे आहे ते तिचं. नाव घाल म्हटलं, तर म्हणाली, तिला कळतं.

फोन तूच आपटला होतास. कधी निघतेस?
– मी