तू विचारलेले प्रश्न

धारूर,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रामेश्वर,

सलाम. इकडं सगळं ठीक हाय. परवा बाजारात तुझी आई भेटली, शेळ्या घेऊन आलती. तुझी खुशाली मलाच विचारत होती. बरा हाय म्हणलो.

अब्बांचं डायलिसिस चालूच हाय. बीडला जायचं, मशीनवर पडायचं, परत घाटातून यायचं. पुण्यात नोकरी लागली असती तर दवाखान्याजवळच खोली बघणार होतो. त्यासाठीच तुझ्या कंपनीत मुलाखतीला आलतो.

फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

दार उघडलं आणि समोरच्या तिघांत तू दिसलास. जिवात जीव आला. वाटलं, आता हा सांगंल, की पेशंटला खेटे पडू नयेत म्हणून डायलिसिसचे नंबर लावायचा प्रोग्राम आपण दोघांनी कॉलेजात लिहिला, आणि बीडच्या दवाखान्यात तो आजही मीच चालवतोय. तू कागदावरून माझं नाव वाचलंस. "मिस्टर कामरान, बसा."

पहिला प्रश्नही तुझाच. ही कमांड कुठल्या व्हर्जनमध्ये आली? मग त्या फंक्शनच्या तिसऱ्या पॅरामीटरचं नाव काय? मला न्हाई आलं. तुला तरी कधी पाठ होतं बे? लागंल तेव्हा बघून घ्यायचो आपण.

मी म्हणलो, "सर, बिघडलेला प्रोग्राम द्या, इथंच दुरुस्त करून दाखवतो." तुला सर म्हणलो. तुझ्या शेजारचे म्हणाले, "एवढं बेसिक येत नाही?" आणि हसले. तूही हसलास.

नोकरीचं विसरंन मी. पण तू हसलास कावून, ते कळंना. कॉलेजभर आमच्या घरी राहिलास. तू आल्याशिवाय अब्बा जेवायला बसायचे न्हाईत. ओळख दाखवायला लाज वाटली, का भीती?

घरी आलो तेव्हा अब्बा जागेच होते.

"काय झालं?"

"दुसऱ्याला घेतलं."

"रामेश्वर तिथंच हाय ना? त्यानं कायच सांगितलं न्हाई?"

"तो नव्हता, अब्बा."

"तरीच," म्हणले. लई वेळ माझा हात धरून पडून राहिले.

कधी घरी आलास तर तूही त्यांना तेच सांग.

कामरान