मला ठाऊक असलेला एकमेव पासवर्ड

कारंजा (घाडगे)

चि. आकांक्षाला रूपरावमामाचा पाया पडून नमस्कार. (मामाने भाचीच्या पाया पडायची आपल्याकडे रीतच आहे, पण या वेळी खरोखर वाकलो आहे असे समज.) नागपूरला तुझी तब्येत बरी असेल. शुभमरावांचीही असो. इकडे सर्व खुशाल, मी सोडून. पत्र पोस्टाने पाठवतो, कारण माझा फोन तुझ्या मामीने कपाटात ठेवला आहे आणि किल्ली तिच्या कमरेला आहे.

तुम्हा दोघांच्या कोर्ट मॅरेजचा फॉर्म तू मला आधार कार्डांसकट, कुलूप लावून पाठवलास. साक्षीदार म्हणून सगळ्या गोतात तुला मीच भरवशाचा वाटलो, हे आठवले की घास उतरत नाही. पासवर्ड तू वेगळा, फोनवर सांगितलास. म्हणालीस, "मामा, फाइल अन् पासवर्ड एका जागी ठेवू नका. अन् बाबांले मीच सांगीन, दिवाळीत, समोर बसून." मी पासवर्डाची चिठ्ठी खिशात ठेवली. इथवर माझे काहीच चुकले नव्हते.

पण भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी बाजारभावाची फाइल मीच टाकतो. (अध्यक्षपद बिनविरोध मिळाले, कारण इतक्या सकाळी दुसरे कोणी उठत नाही.) मंगळवारी भावाची म्हणून तुझीच फाइल टाकली. लगेच विचारणा सुरू झाली, "अध्यक्षसाहेब, उघडून नाई राह्यली, पासवर्ड मांगून राह्यली." खरे सांगतो, मला फार बरे वाटले. दोन वर्षांत इतक्या अगत्याने मला कोणी काही विचारले नव्हते. वाटले, आता भावालाही कुलूप लागत असेल. मला जगात एकच पासवर्ड ठाऊक होता, तो मी दिला.

तळेगावच्या बंडूजीने विचारले, "टमाटरचा भाव कोन्या पानावर हाय?" त्याच्याखाली कोणीतरी अभिनंदन लिहिले, तेव्हा मी फाइल उघडली आणि तुम्हा दोघांची नावे दिसली. फाइल पुसली, देवाला हात जोडले आणि पोटभर जेवलो. संध्याकाळी बंडूजीने समजावले की ती फक्त माझ्यापुरती पुसली गेली. बाकी एकशेचाळीस जणांकडे सुखरूप आहे. त्यात सर्वांआधी भाव बघणारे तुझे वडील, आमचे अण्णाजी भाऊजी.

मला लाज वाटते, पोरी. तू समोर बसून सांगायची गोष्ट तुझ्या बापाने वांग्या-टमाटरच्या भावात शोधून वाचली. तुझ्या आईच्या, देवकाताईच्या दारावरून जायची हिंमत होत नाही. शेताला लांबच्या धुऱ्याने, बांधाबांधाने जातो.

तुझा अपराधी,
रूपरावमामा

ता. क. : पासवर्ड बदल. बँकेला तोच असेल, तर आधी तिथला.

ता. क. दुसरा : काल भाऊजी घरी आले. चहाला नाही म्हणाले. खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. प्रिंट त्यांनीच काढून आणली होती. साक्षीदाराच्या पहिल्या ओळीवर त्यांची सही. म्हणाले, "तू खालच्या जागी कर." मी केली. जाताना म्हणाले, "पोरीले सांगू नोको. तिले दिवाळीत सांगू दे. मी नवीन ऐकल्यावानी ऐकीन."

तेव्हा तूही काही ठाऊक नसल्यासारखीच सांग. ही गोष्ट फुटू नये म्हणून पाकीट दोनदा चिकटवले आहे.